चवथीपर्यंत गुलाबाच्या नुसत्या काड्या उरतात, तेव्हा काय काय तपासायचे

मे महिन्यात गुलाब टवटवीत असतो. पाऊस लागला की पहिले पंधरा दिवस तो आणखी हिरवा दिसतो. मग खालची पाने पिवळी पडू लागतात, जुलैत निम्मे झाड उघडे होते आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, साफसफाईला अंगणात उतरावे तर आळ्यात काटेरी काड्या उभ्या. ऑक्टोबरात नर्सरीतून नवे रोप येते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर आणि नात्यागोत्यात मिळून ही एकच तक्रार मी गेली सोळा-सतरा वर्षे निस्तरते आहे. दर वेळी लोक औषधाचे नाव विचारतात. मी आधी शेजारी काय लावले आहे ते बघते. कारण बहुतेक अंगणांत गुलाबाला त्याचा शेजारच नडलेला असतो, आणि तो शेजार आपणच त्याच्या भल्यासाठी म्हणून लावलेला असतो.

लक्षणे

सगळ्यात जास्त दिसणारे चित्र असे. खालच्या पानांवर काळसर जांभळे डाग येतात, पाच ते दहा मिलिमीटर रुंद. डागाची कड रेखीव नसते, शाई टिपकागदावर पसरावी तशी ती झिरमिळलेली असते. डागाभोवतीचे पान पिवळे होते आणि बोट लागताच गळते. पानगळ खालून वर चढत जाते. हा काळा ठिपका, डिप्लोकार्पॉन रोझी नावाच्या बुरशीचा रोग.

त्याच्या जोडीने बहुतेकदा शेंडेमरही येते. फांदीचे टोक, विशेषतः कात्रीने कापलेले टोक, तपकिरी-काळे पडते आणि तो काळेपणा दिवसेंदिवस खाली सरकतो. खोडापर्यंत पोचला तर झाड गेले.

याच्याशी गल्लत होणाऱ्या काही गोष्टी आधी वेगळ्या काढा. पानावरचा काळा थर ओल्या बोटाने पुसला गेला तर ती काजळी. ती बहुतेकदा गुलाबाची नसतेच. वर झुकलेल्या पेरूवर किंवा जास्वंदीवर मावा नाही तर पिठ्या ढेकूण असतो, त्याचा चिकट रस खाली ठिबकतो आणि त्यावर काजळी धरते. पानावर पांढरी पूड असेल तर भुरी, ती आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत येते. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि पाठीमागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, तो एप्रिल-मेच्या उन्हाचा. पहिल्या पावसानंतर एका रात्रीत पाने कुरतडलेली दिसली तर हुमणीचे भुंगेरे. रात्री आठच्या सुमारास बॅटरी घेऊन जा, फांदी हलवा, खाली साबणाच्या पाण्याचे घमेले धरा. चार-सहा रात्री एवढे केले की पुरते, फवारणीची गरज नाही.

माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकत असेल तर मधल्या तपासण्या सोडून थेट मुळांकडे जा.

खाली पडलेली पाने

पैसा लागत नाही, दहा मिनिटे लागतात, म्हणून हे पहिले. झाडाखाली डाग पडलेली पाने साचली आहेत का? असतील तर सगळी वेचा. झाडावरचीही डागाळलेली पाने काढा, पण झाड पूर्ण उघडे करू नका, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको.

हे एवढे महत्त्वाचे का, तर ही बुरशी गळलेल्या पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवरच्या डागांत टिकून राहते. पावसाचा थेंब त्या पानावर आपटतो आणि बीजाणू शिंतोड्याबरोबर वरच्या पानावर जातात. पानगळ खालून वर चढते ती त्यामुळेच. वेचलेली पाने कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. घरगुती खड्ड्यात एवढी उष्णता होत नाही की बुरशी मरेल, आणि तेच खत ऑक्टोबरात पुन्हा गुलाबाच्याच आळ्यात जाते. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

सकाळी झाडात हात घालून बघा

ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. पाऊस उघडलेल्या दिवशी सकाळी नऊ वाजता झाडाच्या मध्यात हात घाला. बाहेरची पाने सुकलेली आणि आतली ओली लागली तर अर्धे निदान झाले.

काळ्या ठिपक्याच्या बीजाणूला पानावर रुजायला पाण्याचा थर सलग सात तासांच्या आसपास लागतो. त्याआधी पान सुकले तर तो रुजत नाही. रुजला तर साधारण आठवडाभरात डाग दिसतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाऊस आपण थांबवू शकत नाही. पण दोन सरींच्या मधे पान किती लवकर सुकते हे आपल्या हातात आहे, आणि ते ठरते वाऱ्यावर. वारा अडवतो तो शेजार.

माझ्याच अंगणात मी पहिल्या वर्षी सहा गुलाब लावले आणि प्रत्येकाभोवती गोल कडे केले: आत लसूण, मग झेंडू, कोपऱ्यांत तुळस आणि मागे गवती चहा. मिश्र लागवडीबद्दल जे ऐकले होते ते सगळे एका वाफ्यात बसवले. मे अखेर ते इतके सुंदर दिसत होते की येणारे-जाणारे थांबत. ऑगस्टमध्ये सहापैकी चार गेले. गवती चहाचा ठोंब छातीपर्यंत वाढला होता, झेंडू गुलाबाच्या खालच्या फांद्यांत शिरला होता आणि आत बोट घातले तर दुपारीही पाणी लागत होते.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींनी मला हाक मारली. त्यांच्याकडेही तेच कडे. "काकी, मी सगळं सांगितल्याप्रमाणं केलं हो, लसूण लावला, तुळस लावली, तरी पानं का गळतात?" मी म्हटले, "वहिनी, आज काही फवारू नका. फक्त गुलाबाच्या बुंध्यापासून हातभर जागा मोकळी करा आणि पंधरा दिवसांनी मला बोलवा." नवी पाने आली ती बहुतेक स्वच्छ होती. जुने डाग भरून येत नाहीत, म्हणून सुधारणा बघायची ती नव्या पानांवरच.

हातभर म्हणजे बुंध्यापासून दीड फूट. दोन गुलाबांत अडीच ते तीन फूट. पावसाळ्यात या दीड फुटात काही उगवू द्यायचे नाही, आणि त्याच्या पलीकडे जे असेल ते गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचे नाही.

कोणता शेजारी ठेवावा, कोणता हलवावा

आपल्याकडच्या अंगणात गुलाबासोबत हमखास असणारी झाडे एकेक करून सांगते, कारण इथे ऐकीव गोष्टींनी फार नुकसान केले आहे.

झेंडू, म्हणजे आपली रोजां. त्याच्या मुळांतून अल्फा-टर्थिएनिल नावाचे द्रव्य निघते आणि ते मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक ठरते, हे खरे आहे. पण त्यासाठी तो वाफा भरून, दाट, दोन-तीन महिने लावावा लागतो. गुलाबाशेजारी दोन रोपे लावून ते होत नाही. उलट एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: लाल कोळ्याला झेंडू अतिशय आवडतो. एप्रिलमध्ये झेंडू सुकायला लागला की त्यावरचा सगळा कोळी गुलाबावर येतो. म्हणून झेंडू दसरा-दिवाळीसाठी जरूर लावा, पण फुले संपली की उपटा. उन्हाळ्यात म्हातारा झेंडू गुलाबाजवळ ठेवू नका.

लसूण आणि कांदा हिवाळ्यातली पिके. जूनमध्ये लावलेला लसूण आपल्या पावसात कुजतो आणि ती कुजकी गाठ गुलाबाच्या मुळाशी राहते. नोव्हेंबरात लावा, वासाने मावा थोडा लांब राहतो असा अनुभव आहे. काळा ठिपका लसणाने थांबलेला मी एकदाही पाहिला नाही.

गवती चहा गुलाबाजवळ नकोच. ठोंब मोठा, मुळे दाट, वारा पूर्ण बंद. त्याला न्हाणीच्या पाण्याकडची जागा द्या. तुळस चांगली, पण तिचेही झुडूप होते, तेव्हा तिला वृंदावनात किंवा वेगळ्या कुंडीत राहू द्या.

आबोलीबद्दल लिहिताना मन धजत नाही, कारण आबोलीशिवाय आपले अंगण पुरे होत नाही. पण आबोलीला सूत्रकृमींचा त्रास फार होतो, आणि तिच्या मुळांवरून तो गुलाबाकडे सरकतो. ज्या वाफ्यात आबोली एकामागून एक सुकली आहे, तिथे गुलाब लावू नका. तीच गोष्ट भेंडी, वांगी, टोमॅटोची. मिरचीवर फुलकिडे असतात, तेच गुलाबाच्या कळीत शिरतात आणि पाकळ्यांच्या कडा तपकिरी करतात. परसातली भाजी आणि गुलाब यांत दहा पावले अंतर असलेले बरे.

ठेवण्यासारखे शेजारी म्हणजे शेपू आणि कोथिंबीर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा आणि थोडी रोपे फुलावर येऊ द्या. त्या बारीक फुलांवर ढालकिडे आणि सिरफिड माश्या येतात, सिरफिडच्या अळ्या मावा खातात. डिसेंबरात माझ्या गुलाबावर मावा दिसला तर मी आठ दिवस थांबते, बहुतेक वेळा तो आपोआप आटोक्यात येतो. उन्हाळ्यात जमीन झाकायला चिनी गुलाब, म्हणजे सकाळी दहाला उमलणारी ती मांसल पानांची बारकी फुले. ती वीतभरापेक्षा उंच होत नाहीत.

वेळापत्रक असे धरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात दीड फुटाच्या आतले सगळे काढा. दसऱ्यानंतर पुन्हा लावा. मधले चार महिने गुलाब एकटा राहू दे.

पागोळीची रेघ आणि पाण्याची वेळ

कौलारू घराच्या पागोळीखाली गुलाब आहे का, हे बघायला एक सर पुरते. कौलांवरून पडणारी धार माती उकरते आणि चिखलाचे शिंतोडे हात-दीड हात वर उडवते. पागोळीच्या रेघेपासून निदान तीन फूट पुढे झाड असायला हवे. कुंडी असेल तर आजच सरकवा. जमिनीत असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा आणि तोपर्यंत बुंध्याभोवती नारळाची सोडणे उपडी मांडा, शिंतोडा उडणार नाही. पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, तोही चालतो, पण पावसात त्याखाली गोगलगाई लपतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा उचलून बघावे लागते.

पावसाळा संपल्यावर पाणी सकाळीच द्या आणि मुळाशी द्या. संध्याकाळी पाईपने झाड न्हाऊ घालणे फार जणांना आवडते, दिवसभराची धूळ धुतली जाते असे वाटते. पण मग पान रात्रभर ओले राहते. नोव्हेंबरपासून दवही पडते. पावसाळ्यातला ठिपका थंडीतही चालूच आहे अशी तक्रार आली की मी आधी पाण्याची वेळ विचारते.

मासळी धुतलेले पाणी काही घरांत गुलाबाला घालतात. एखाद वेळी चालते. रोज घातले तर मीठ साचते आणि पानांच्या कडा करपतात. किनाऱ्याजवळच्या गावांत उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खारट होते, त्यानेही हेच होते. अशी करपलेली कड कोरडी आणि एकसारखी असते, तिच्यात गोल डाग नसतात.

पाणी मुरते का

कुंडी असेल तर खालचे भोक काडीने मोकळे करा आणि कुंडी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवा. खालची बशी पावसाळ्यात काढून टाका, त्यात डासही होतात.

जमिनीत असेल तर फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाला बोटभर तरी उतरले पाहिजे. चार-पाच तासांनीही तसेच असेल तर खाली जांभ्याचा कठीण थर आहे. वर लाल भुसभुशीत माती आणि खाली दगड ही आपल्या उतारांवरची नेहमीची रचना आहे. पावसात तो खड्डा म्हणजे टाकी होते, मुळे गुदमरतात, पाने डागाशिवाय पिवळी पडतात, आणि अशा अशक्त झाडावर ठिपकाही जोरात येतो.

यावर उपाय खोल खणणे नाही. खोल खणले तर टाकी मोठी होते. चिऱ्यांचा दीड फूट उंच वाफा बांधा, चिरे सिमेंटने जोडू नका म्हणजे फटींतून पाणी निघेल. आत एक हिस्सा माती, एक हिस्सा जुने शेणखत, अर्धा हिस्सा जाड रेती. रेती नदीची घ्या. समुद्राची कितीही धुतली तरी माझा भरवसा नाही.

ऊन किती तास

गुलाबाला पाच ते सहा तास ऊन हवे हे सगळ्यांना ठाऊक असते. गडबड होते ती ऊन कुठून येते यात. गोवा साधारण पंधरा ते पावणेसोळा अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि डिसेंबरात बराच दक्षिणेला झुकतो. घराच्या उत्तरेकडच्या भिंतीशी मे महिन्यात भरपूर ऊन दिसते, लोक तिथे गुलाब लावतात, आणि नेमक्या फुलांच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, ती जागा सावलीत जाते. जागा ठरवायची तर डिसेंबरातली सावली आठवून ठरवा.

वर माड असेल तर चुडतांची सावली आणि त्यांवरून ठिबकणारे पाणी दोन्ही मोजा.

कात्री कधी चालवली

शेंडेमर असेल तर हा प्रश्न आधी. पावसात भर जुलैत केलेली छाटणी ही शेंडेमरीची सगळ्यात सोपी वाट आहे, कारण प्रत्येक ताजा काप ही उघडी जखम असते आणि ती सुकायला कोरडे दिवस मिळत नाहीत. जून ते सप्टेंबर फक्त रोगट तुकडा काढायचा. काळ्या भागाच्या खाली निदान दोन इंच, आतला गाभा पांढरा-हिरवा दिसेपर्यंत कापा. गाभा तपकिरी दिसला तर आणखी खाली जा. काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाते स्पिरिटने पुसा.

कापावर बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद शंभर ग्रॅम, चुना शंभर ग्रॅम, पाणी एक लिटर. कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, असलेल्या घरांत हे सांगावे लागत नाही, सुपारीला पावसाआधी बोर्डो मारतातच, त्यांच्याकडून मूठभर मोरचूद मागून आणला तरी वर्षभर पुरतो.

मोठी छाटणी दसऱ्यानंतर, पाऊस खरोखर ओसरला की. तेव्हा जुन्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढून झाडाचा मधला भाग वाटीसारखा मोकळा करा. त्यानंतर सहा-सात आठवड्यांत फुले येतात. याच वेळी बुंध्याशी बघा. नर्सरीचा गुलाब डोळा भरून केलेला असतो, आणि त्या जोडाच्या खालून आलेला धुमारा खालच्या रानटी खुंटाचा असतो. त्याची पानेही वेगळी दिसतात, बहुतेकदा सात पर्णिकांची. तो वरून कापू नका, माती सारून मुळापासून ओढून काढा. जोड मातीच्या वर दोन बोटे उघडा हवा. पावसात माती वाहून आली की तो गाडला जातो आणि तिथून कुज सुरू होते. कुंडीतही दरवर्षी वरून खत घालून घालून हेच होते.

खत

यावर थोडक्यात. धो धो पावसात घातलेले खत नाल्यात जाते. पावसाळ्यात जुनी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असे दिसले तर मॅग्नेशियम धुपले आहे. एप्सम मीठ लिटरला पाच ग्रॅम, उघडीप बघून एकदा पानांवर. युरिया नको, कोवळी लुसलुशीत फूट येते आणि ठिपका तिच्यावरच तुटून पडतो.

जांभ्याची माती आम्लधर्मी. गुलाबाला सामू (पीएच) सहा ते साडेसहा लागतो. म्हणून चुना किंवा डोलोमाइट घालतात, पण माती तपासल्याशिवाय घालू नका. जास्त झाला तर झाडाला लोह मिळेनासे होते आणि नवी पाने पिवळी येतात. मग लोक पुन्हा खत घालतात.

मूळ उघडून बघणे

इथवर येऊनही झाड सुधारले नसेल तर ऑक्टोबरात ते उचला. कष्टाचे काम आहे, झाडाला धोकाही आहे, म्हणून शेवटी ठेवले.

पहिली गोष्ट मातीचा गोळा. घाटावरून येणाऱ्या रोपांच्या पिशवीत बऱ्याचदा चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. आपण तो तसाच भुसभुशीत मातीत ठेवतो. उन्हाळ्यात पाणी त्याच्या बाजूने निघून जाते, पावसात तो दिवसेंदिवस सुकत नाही. दोन वर्षांनी उकरले तरी मुळे त्याच्या बाहेर आलेली नसतात. मी आता नवे रोप आणले की गोळा तासभर पाण्यात ठेवते आणि निम्मी माती हळू हाताने सोडवते. भर उन्हाळ्यात हे करू नका.

दुसरी गोष्ट वाळवी. मुळावर मातीचे पातळ नळ दिसतात, साल खाल्लेली असते. कच्चे शेणखत आणि सुके लाकडाचे तुकडे आळ्यात घातले की ती येते. शेणखत पूर्ण कुजलेले, वास नसलेले, हातात चुरा होणारेच घ्या.

तिसरी गोष्ट गाठी. बारीक मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी. बुंध्याशी, जोडाजवळ, खडबडीत चामखिळीसारखा मोठा गोळा असेल तर तो जिवाणूंचा रोग, त्याला इलाज नाही. ते झाड मुळासकट काढून जाळा, कात्री-खुरपे स्पिरिटने पुसा आणि त्या जागी पुन्हा गुलाब लावू नका. एरवीही गुलाब मेला त्याच खड्ड्यात दुसरा गुलाब नीट वाढत नाही. जागा तीच हवी असेल तर दीड फूट खोलपर्यंतची माती बदला.

फवारणी

वरचे सगळे झाल्यावर, आणि वर्षातून दोनदाच. मेच्या अखेरीस पाने वेचून झाल्यावर आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटरात विरघळवा आणि एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता. त्यात लोखंडी पाते मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर धरला तर आणखी थोडी चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी वापरा. भर पावसाळ्यात कोवळ्या पानांवर मारू नका, मोरचुदाने पाने पिवळी पडून गळतात, मग रोग कुठला आणि औषधाचा चट्टा कुठला हे कळत नाही. पहिल्यांदा मारत असाल तर एका फांदीवर मारून चार दिवस थांबा.

लाल कोळ्याला आधी पाण्याचा जोराचा फवारा, पानांच्या पाठीवर, सकाळी, आठवडाभर रोज. उरला तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, ऊन उतरल्यावर. अर्ध्या तासात पाने सुकतील एवढेच मारा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वाळवीचे नळ घराच्या भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर चढलेले दिसले तर ते गुलाबाचे काम राहिले नाही, पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा, स्वतः औषध ओतू नका. वाफ्याजवळ विहीर असेल तर कुठलेही विकतचे कीटकनाशक मातीत ओतायच्या आधी कृषी अधिकाऱ्यांना विचारा, त्या विहिरीचे पाणी घरातली माणसे पितात. खड्ड्यातले पाणी काळे, वास येणारे असेल तर शौचखड्डा पाझरतो आहे, गवंडी किंवा प्लंबर बघेल. माडाची चुडते काढायला पाडेलीच, म्हणजे माडावर चढणारा माणूसच, लागतो, पावसात स्वतः शिडी लावू नका.

एकाच वाफ्यातले दोन-तीन गुलाब लागोपाठ गेले, किंवा मुळांवर मण्यांसारख्या गाठी सापडल्या, तर पुढचे रोप विकत आणायचे थांबवा. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा. माती तपासायची सोय कृषी खात्याकडे आहे, आणि जुने गोवे इथे एला गावात भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीची संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. जाताना नुसते पान नेऊ नका, पानावरून मुळाचे कळत नाही. सामूसाठी वीतभर खोलीची माती तीन-चार ठिकाणांहून घ्या, एकत्र करून सावलीत सुकवा, अर्धा किलो पुरे. सूत्रकृमींसाठी मात्र माती सुकवायची नाही. मुठभर बारीक मुळे आणि त्यांच्याभोवतीची ओली माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, उन्हात गाडीत ठेवू नका, आणि त्याच दिवशी पोचवा. पिशवीवर वाफ्यात याआधी काय लावले होते ते लिहा: आबोली, भेंडी, वांगी, जे असेल ते.